मदत हवी आहे: पार्श्वसंगीताचा अल्बम फसलाय, हे लिहायचं कसं?

एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीताच्या अल्बमवर परीक्षण लिहितेय आणि अडलेय. पडद्यावर हेच संगीत अंगावर काटा आणतं. नुसतं ऐकायला बसलं की मात्र जीव रमत नाही. बरेचसे तुकडे मिनिटभराचे, सूर धरतोय म्हणेपर्यंत संपतात. पाठलागाच्या प्रसंगात तालवाद्यं चढत जातात आणि ऐन रंगात कापल्यासारखी थांबतात. चित्रपटात तिथे दृश्य बदलतं, अल्बममध्ये नुसती पोकळी उरते. नायिकेची चेलो या तंतुवाद्यावरची धून तेवढी सुरेख आहे, पण ती पूर्ण ऐकू येते थेट शेवटच्या श्रेयनामावलीत!

आता दोष संगीतकाराचा धरायचा की अल्बम जुळवणाऱ्याचा? संगीत दृश्याच्या मापानेच बेतलेलं असतं, मान्य. पण 'ब्लेड रनर' हा इंग्रजी चित्रपट आला १९८२ मध्ये आणि संगीतकार व्हँगेलिसचा त्याच्या संगीताचा अल्बम १९९४ मध्ये, तोही मधूनमधून संवाद गुंफून. म्हणजे अल्बम ही स्वतंत्र रचना होऊ शकते. मग नुसत्या ऐकणाऱ्याच्या बाजूने कडक लिहावं का? आणि तुम्ही परीक्षणाआधी चित्रपट पाहता की अल्बमच आधी ऐकता? जरा सविस्तर सांगा, प्लीज.