कार्बन कपातीचा आराखडा: नागरिकांचा सहभाग हरकती-सूचनांपुरताच का?

प्रश्न
नमस्कार. आमच्या पालिकेने कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या आराखड्यावर हरकती व सूचना मागवल्या आहेत. मसुदा मात्र सल्लागारांनी आधीच पूर्ण केला आहे आणि बैठकांना नेहमीचेच मोजके लोक येतात. खरा सहभाग हवा असेल, तर तो कोणत्या टप्प्यावर मागावा?

उत्तर १
उत्सर्जनाची मोजदाद सुरू असतानाच मागावा. पालिकेच्या इमारती, पथदिवे आणि वाहने यांचा वाटा एकूण उत्सर्जनात सहसा लहान असतो; मोठा वाटा घरांतील ऊर्जा, वाहतूक आणि व्यवसायांचा असतो. म्हणजे ज्यांच्या रोजच्या व्यवहारावर आराखड्याचे यश अवलंबून आहे, त्यांनाच सर्वांत शेवटी विचारले जाते, हे मला अनाकलनीय वाटते. लंडनमधील कॅम्डेन या बरोने (स्वतःची पालिका असलेल्या शहर-विभागाने) २०१९ मध्ये रहिवाशांची हवामान सभा भरवली, तज्ज्ञांचे म्हणणे त्यांच्यापुढे मांडले आणि सभेने सुचवलेल्या १७ उपायांच्या आधारे पुढचा आराखडा केला. तेथे सूचना आधी आल्या, मसुदा नंतर झाला.

उत्तर २
सभा आवश्यक आहेच, पण लोक टिकून राहतात ते मालकीमुळे. डेन्मार्कच्या साम्सो बेटाची १९९७ मध्ये अक्षय ऊर्जेच्या प्रयोगासाठी निवड झाली. जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी काही शेतकऱ्यांच्या, काहींमध्ये सामान्य रहिवाशांचे भाग (शेअर), तर समुद्रातील पाच स्थानिक पालिकेच्या मालकीच्या होत्या. जी पवनचक्की आपल्याही मिळकतीत भर घालते, तिच्याकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहतो.

उत्तर ३
भाग विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांचे आणि भाडेकरूंचे काय, हा प्रश्न मात्र उरतो. छतावर सौर पॅनेल बसवण्याचा निर्णय भाडेकरूच्या हाती नसतो. त्याला रोज करता येण्याजोगे काम म्हणजे कचऱ्याचे वर्गीकरण, कारण ओला कचरा कचराभूमीत हवेविना कुजला की मिथेन हा तापमान वाढवणारा वायू तयार होतो. पण घरात वेगळा ठेवलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होताना एकदा दिसला, की त्या घरातील वर्गीकरण थांबते. त्यामुळे प्रभागनिहाय किती ओला कचरा प्रत्यक्ष खतासाठी किंवा बायोगॅससाठी पोहोचला, याचे आकडे दरमहा जाहीर करण्याची अट आराखड्यातच असावी. प्रश्नकर्त्यांनी पुढील बैठकीआधी मसुद्यातील कोणत्या तरतुदी अद्याप बदलता येतील, हे लेखी विचारून घ्यावे.