'स्ट्रक्चरल हेल्थ मॉनिटरिंग'ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (पंचवटी)
पुलांवर बिनतारी सेन्सर बसवून त्यांची स्थिती सतत जाणून घेतात. त्यावर विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहायचा आहे. 'संरचनात्मक आरोग्य निरीक्षण' असा शब्द मिळाला. पण महापालिकेचा आरोग्य निरीक्षक साफसफाई पाहतो. इथे नाशिकला रामवाडीच्या पुलावर 'पुलाचे आरोग्य निरीक्षण' असे लिहिले, तर लोकांना कचऱ्याचे काम वाटेल. दुसरा शब्द सुचवा.

मराठीच्या शिक्षिका (गंगापूर रोड)
आरोग्य माणसाचे, फार तर जनावरांचे. बांधकामाला आपण 'सुस्थितीत', 'खिळखिळे', 'मोडकळीस आलेले' म्हणतो, म्हणून 'स्थिती' हाच शब्द जवळचा.

'मॉनिटरिंग'चा प्रश्न जास्त अवघड आहे. पाहणी डोळ्यांनी होते, एका फेरीत संपते. तपासणीला तारीख असते आणि शेवटी अहवाल. देखरेख करणारा माणूस चूक दिसली की हटकतो, तेवढा अधिकार त्या शब्दात गृहीत आहे. 'निगराणी'त पहारा आहे. सेन्सर यांतले नेमके काय करतो, ते कामावरच्या कुणीतरी सांगावे.

पुलांच्या कामावरचे अभियंता (सातपूर)
ताई, सेन्सर फक्त मोजतो आणि कळवतो. ॲक्सिलरोमीटर कंप टिपतो, स्ट्रेन गेज तुळईच्या लांबीतला अगदी बारीक फरक, टिल्टमीटर खांबाचा कल. पूल हलतो म्हणजे कच्चा, असे लोक धरतात, ते बरोबर नाही. गाडी गेली की प्रत्येक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, कंप पावतोच, आणि तो आपल्या ठरावीक वारंवारितेने, म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा. तुळईला तडे जाऊन ताठपणा कमी झाला की ही वारंवारिता उतरते, त्यावरून आतल्या बिघाडाचा अंदाज येतो.

पण ऊन-थंडीनेही ती बदलते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी निदान वर्षभराची नोंद हाताशी असल्याशिवाय कुठली घट हवामानाची आणि कुठली तड्याची, हे सांगता येत नाही. म्हणून 'अखंड' हा अर्थ शब्दात यायलाच हवा.

बिनतारी असल्याचा फायदा म्हणजे पूलभर केबल ओढावी लागत नाही. 2006 साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर असे 64 बिनतारी सेन्सर-संच बसवले होते. अडचण दोन ठिकाणी येते. एक बॅटरी, म्हणून संच एरवी झोपवून ठेवतात किंवा सौर पट्टी जोडतात. दुसरी घड्याळांची. सगळ्या संचांची वेळ काटेकोर जुळली नाही, तर दोन टोकांचे कंप एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

फलकावर आणखी एक लिहा. महाडचा सावित्रीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016च्या रात्री पुरात कोसळला. पुरात खांबांच्या पायाशी नदीचा तळ खरवडला जातो, आम्ही त्याला स्कोअर म्हणतो. वरच्या स्लॅबवर कंप मोजणाऱ्या सेन्सरला तो थेट दिसत नाही. त्यासाठी खांबाचा कल आणि तळाची खोली वेगळी मोजावी लागते. 'आरोग्य' म्हटले की सगळे काही पाहिले जाते असा भरवसा तयार होतो, आणि मला त्याचीच काळजी वाटते.

मराठीच्या शिक्षिका (गंगापूर रोड)
सर, मग 'पुलाच्या स्थितीची अखंड नोंद' म्हणू या. गोदेला पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून छातीला पाणी लागले, गळ्याला लागले असे सांगतो. मारुती मोजमाप देतो, रस्ता बंद करायचा निर्णय माणसांचा. सेन्सरचा आकडा कुठवर गेला की सावध व्हायचे, त्या टप्प्यांना नवे शब्द घडवूच नका. 'इशारा पातळी' आणि 'धोका पातळी' पुराच्या बातम्यांमुळे घराघरात माहीत आहेत.

'स्ट्रेन'ला पाठ्यपुस्तकी शब्द 'विकृती'. फलकावर तो नको, 'लांबीतला बदल' लिहा. 'ताण'ही टाळा, त्याने स्ट्रेस (आत पडणारा जोर) आणि स्ट्रेन (त्याने झालेला बदल) एकत्र होतील.

विचारणा (पंचवटी)
'अखंड नोंद' घेते. दोन्ही पातळ्याही घेते, पण त्यांच्याखाली एक ओळ जोडते: धोका पातळी ओलांडली की पूल कुणी बंद करायचा. 2027च्या सिंहस्थात पुलांवर माणसांची दाटी होईल, तेव्हा हे आधी ठरलेले असावे. 'सेन्सर' ठेवू की 'संवेदक'?

अभियंता (सातपूर)
सेन्सरच ठेवा. मोबाइलमुळे मुलांना तो माहीत आहे. 'बिनतारी' मात्र बदलू नका, पोलिसांच्या बिनतारी संदेशामुळे तो सगळ्यांना कळतो.