सेल्फने फिरते पण उठत नाही, किकला मात्र लगेच चालू – १५० सीसी, २००९ मॉडेल

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी, जुन्या गाडीवाल्यांनी जरा डोकं लावा. गाडी १५० सीसी, २००९ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, किक आणि सेल्फ दोन्ही आहेत. वडिलांनी घेतलेली, विकायची नाही. सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड जड फिरतं, घुर्र घुर्र करतं पण उठत नाही, आणि गंमत म्हणजे बटण सोडता सोडता एकदम फुरफुरते, कधी त्याच झटक्यात चालू पण होते. किक मारली तर अर्ध्या किकमध्ये चालू. बॅटरी गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून नवीन टाकली, काडीचा फरक नाही. आता तो म्हणतोय कम्प्रेशन गेलंय, बोअर-पिस्टन करून टाकू.
दुसरा त्रास वेगळाच. लांबून तापून आलो आणि पेट्रोल पंपावर बंद केली की मग ना सेल्फ ना किक, पंधरा-वीस मिनिटं सावलीत उभं राहायचं आणि मग काही झालंच नाही अशी चालू होते. मागे लाईन लागलेली असते, लोक बघतात. खर्च कुठून सुरू करू?

फटफटी_सांगली
भावा हल्लीच्या पेट्रोलमुळे आहे हे. २० टक्के इथेनॉल असतं आता, जुन्या गाड्यांचे रबर फुगतात, पाणी धरतं, कार्ब्युरेटरमध्ये कचरा होतो. कार्ब्युरेटर उघडून पायलट जेट (कमी स्पीडला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ कर, ओ रिंग बदल.

कार्बनकाका
इथेनॉलने रबर खराब होतं ते खरं, पण फटफटी भाऊ, कार्ब्युरेटरला कसं कळणार की इंजिन सेल्फने फिरवलंय का किकने? पेट्रोल दोन्हीला तेच जातंय. किकला लगेच आणि सेल्फला नाही, म्हणजे इलेक्ट्रिकल बघायचं. आणि थंड असताना अर्ध्या किकमध्ये उठणाऱ्या गाडीचं बोअर-पिस्टन कशाला करायचं? सायलेन्सरमधून निळा धूर नसेल, ऑइल कमी होत नसेल तर इंजिनाला हात लावू देऊ नकोस.

बटण सोडताना फुरफुरते हे तू लिहिलंस ते बरं केलंस, सगळा निकाल त्यातच आहे. तुझी सीडीआय (प्लगला ठिणगी पाठवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) डीसी असणार, म्हणजे ती बॅटरीवर चालते. सेल्फ मोटर पन्नासेक अँपिअर ओढते, व्होल्टेज इतकं खाली जातं की सीडीआयला करंट पुरत नाही, प्लगला ठिणगीच पडत नाही. बटण सोडलंस की व्होल्टेज वर येतं, इंजिन अजून गरगरत असतं, तेवढ्यात ठिणगी पडते आणि फुर्र. एसी सीडीआयला मॅग्नेटोच्या वेगळ्या कॉईलमधून वीज मिळते, तिथे हा प्रकार होत नाही.

आता बॅटरी नवीन असून व्होल्टेज कुठे जातंय ते शोध. साधा मल्टिमीटर घे, २० व्होल्ट डीसीवर ठेव. गाडी न्यूट्रलला, प्लग कॅप काढ, त्यात दुसरा प्लग लावून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवून ठेव म्हणजे सीडीआयला त्रास नको. आधी बॅटरीच्या दोन टोकांना लाव, नुसतं १२.६ च्या आसपास दिसायला हवं, सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कानावर) नाही हां, थेट बॅटरीच्या शिशावर, आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या बोल्टवर, आणि सेल्फ मार. अर्थिंग चांगलं असेल तर ०.२-०.३ दिसेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर चोर सापडला. तसंच प्लसपासून सेल्फ मोटरच्या बोल्टपर्यंत कर, त्यात रिलेपण (सेल्फचा करंट जोडणारा स्विच) तपासून होतो. ओहमवर टाकून बघू नकोस, ०.०२ ओहम साधा मीटर दाखवत नाही आणि पन्नास अँपिअरला तेवढंच अख्खा एक व्होल्ट खातं.

खाडीपलीकडचा
काका करून बघितलं. बॅटरी १२.६, सेल्फ मारताना १०.२. प्लसच्या बाजूला ०.३. मायनसच्या बाजूला १.४!!

कार्बनकाका
म्हणजे मोटरला नऊसुद्धा मिळत नाहीत, आणि सीडीआयची लाईन चावीच्या स्विचमधून फिरून येते तिथे अजून थोडं जातं. इंजिनाकडचा अर्थचा बोल्ट खोल. खाडीची हवा आहे तुमच्याकडे, काय निघेल ते मला माहितीये.

खाडीपलीकडचा
हिरवा थर निघाला, लगच्या आत वायरचे तारही काळे पडलेत आणि एक बाजू तर कुणीतरी रंगावरच कसलेली. वायर मागे कापून नवीन लग दाबून बसवला, पॉलिश पेपरने इंजिनाची जागा चकचकीत केली, वरून ग्रीस. आता ०.२. सेल्फने पहिल्या झटक्यात उठली, आवाजच बदलला मोटरचा. गॅरेजवाल्याला अजून सांगितलं नाहीये 😄 तापल्यावरचं मात्र तसंच आहे.

घाटमाथा
तापल्यावरचं मी सांगतो. पुढच्या वेळी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघड, फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी उठली तर झाकणाचं भोक बुजलंय, फुकटात काम. नसेल तर प्लग काढून तिथेच ठिणगी बघ. ठिणगी नसेल तर पिकअप कॉईल (ठिणगीची वेळ कळवणारी) किंवा इग्निशन कॉईल तापून आतून तुटतेय, गार असताना आणि गरम असताना दोन्हीचा ओहम मोजून बघायचा. ठिणगी निळी असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट. टॅपेट टाईट असलं की तापल्यावर व्हॉल्व नीट बसत नाही, कम्प्रेशन गळतं, गार झालं की परत ठीक. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून लोक खूश असतात पण कटकट करणाऱ्या टॅपेटपेक्षा हे वाईट, व्हॉल्व जळतो.

खाडीपलीकडचा
ठिणगी निळी आहे आज पंपावरच बघितली. झाकण उघडून पण नाही. आणि हो, टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही.

घाटमाथा
मग तेच. रात्रभर गार होऊ दे, सकाळी कर. मॅग्नेटच्या खिडकीतून टी मार्क (पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण) जुळव, दोन्ही रॉकर हाताने हलले पाहिजेत, नाही हलले तर अजून एक फेरा फिरव. या साईजच्या बऱ्याच गाड्यांना इनलेट ०.०५ आणि एक्झॉस्ट ०.१० मिमी असतं पण तुझ्या मॅन्युअलचा आकडा घे. फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) किंचित अडकत सरकायला हवा. चेकनट (टॅपेटचा स्क्रू जागेवर धरणारा नट) कसताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून नट कसून झाल्यावर परत गेज घालून बघ. आणि टॅपेट कव्हरच्या ओ रिंग नवीन आणून ठेव, जुन्या कडक झालेल्या असतात, परत बसवल्या की ऑइल गळतं.

फटफटी_सांगली
बरं मी म्हणतो ते जेट पण साफ कर एकदा, गाडी उघडलीच आहेस तर.