पर्सनल ट्रेनर लावावा का? (लातूर)

वय ४३, दुकानात बसून काम, पोट सुटलंय अन् कंबर पण धरते. जिम लावली तर तिथला पोरगा पर्सनल ट्रेनिंगचे महिन्याला ५ हजार वेगळे मागायलाय. एवढे द्यावे का यूट्यूब बघून करावं?

— दादा, कंबरेचं आधी डॉक्टरला दाखवा, मग बाकी. स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलणं) व्हिडिओ बघून करताना पाठ वाकलेली आपल्याला कळतच नाही, ते बघायला माणूसच लागतो. पण वर्षभर कशाला, एक-दोन महिने लावा, पद्धत बसली की सोडून द्या. आठवड्यातून दोनच सेशन देतो का विचारा, पैसे अर्धे होतील.

— पहिल्याच दिवशी प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारला तर तिथूनच रामराम! त्यानं तुमची जुनी दुखापत, बीपी, शुगर काही विचारलं का? सर्टिफिकेट बघा, अन् तो दुसऱ्याला शिकवताना मोबाईलवर असतो का तेबी बघा.

— ५ हजार लई होतात हो. डब्ल्यूएचओच (जागतिक आरोग्य संघटना) सांगते, मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं झपाझप चालण्यासारखा व्यायाम करावा अन् दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. चालायला ट्रेनर कशाला पाहिजे?

— ताई, चालणं ठीक, पण एकट्याला रोज जायचा कंटाळा येतो ना. पैसे भरले की माणूस सकाळी उठतो, माझ्या मते निम्मा पगार त्याचाच.

— हे बरोबर बोललात 😄 एक ट्रायल सेशन मागतो आधी, डॉक्टरकडं उद्या जातो.