मेनफ्रेमच्या खोलीत काम केलंय? आठवणी लिहा

साठ-सत्तरच्या दशकांत बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं-पोरी नोकरीला मुंबई-पुण्याला गेली आणि काहीजण थेट मेनफ्रेमच्या, म्हणजे त्या काळच्या खोलीभर मोठ्या संगणकाच्या, थंडगार खोलीत पोचले. माझा काका त्यातलाच. तो गेला आणि त्याने पाहिलेलं त्याच्याबरोबर गेलं. म्हणून विनंती करतोय. आवाज कसा यायचा, हाताला काय लागायचं, सगळं लिहा. आतापर्यंत आलेल्या आठवणी गावांच्या नावांखाली देतोय.

वडगाव, बेळगाव
आमच्या घरी माग. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणायला मागावर बसवलेल्या यंत्रावर, भोकं पाडलेले पुठ्ठे फिरायचे. भोक असलं की धागा उचलला जायचा. 1974 साली मुंबईत आयबीएम कंपनीच्या 1401 या संगणकावर ऑपरेटर म्हणून लागलो, भोकांनी माहिती नोंदलेल्या कार्डांची थप्पी हातात आली आणि काही परकं वाटलंच नाही. 80 रकाने, 12 ओळी, भोक आहे की नाही एवढाच सवाल.

एकदा इंजिनिअरने कोअर मेमरी, म्हणजे संगणकाची स्मृती, उघडून दाखवली. फेराइट या चुंबकी पदार्थाच्या मोहरीएवढ्या कड्या, त्यांतून उभ्या-आडव्या तारा ओवलेल्या. एका कडीत एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, आणि वाचलं की ते पुसलं जायचं, म्हणून यंत्र लगेच परत लिहून ठेवायचं. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. हे विणकामच होतं. सुट्टीत बाबांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "तार तुटली तर गाठ कोण मारतंय रे?" परत गेल्यावर इंजिनिअरला विचारून पत्राने कळवलं: गाठ नाही, अख्खा संच बदलतात. बाबांना ते पटलं नाही. मलाही अजून वाईट वाटतं.

निपाणी
आई विड्या वळायची, हजारावर मजुरी. मी पुण्यात पंच ऑपरेटर, म्हणजे कार्डांवर भोकं पाडणारी, माझी मोजणी तासाला किती कार्डं यावर. एकीने पंच केलेलं दुसरी व्हेरिफायर या तपासणीच्या यंत्रावर त्याच कागदावरून परत टाइप करायची. जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडायची, चुकलं तर त्या रकान्याच्या वर. शून्य आणि इंग्रजी ओ यांनी फार छळलं. माझ्या ट्रेमधलं एकही कार्ड परत आलं नाही, त्या दिवसाचा आनंद मला पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

खानापूर
आमच्याकडच्या पावसात वाढलेल्याला ओल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मुंबईत जुलैत एसी बंद पडला, कार्डं फुगली आणि रीडरमध्ये, म्हणजे कार्डं वाचणाऱ्या यंत्रात, अडकायला लागली. मिनिटाला 800 कार्डं ओढणारं यंत्र; एक अडकलं की मागची चार-पाच चुरगळायची. ती हाताने सपाट करून, वाचून, नवीन पंच करून घ्यायची. थप्पीच्या डोक्यावर पेनने तिरकी रेघ मारलेली असायची म्हणून क्रम तरी लागायचा.

शहापूर, बेळगाव
1978 साली आयबीएम भारतातून गेली, देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली, यंत्र मात्र चालत राहिलं. रात्रपाळीला आम्ही मशीनवर ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवायचो. प्रोग्रॅम चालू झाला की त्यात खरखर उमटायची, आणि ती ऐकून कोणतं काम चाललंय ते डोळे मिटून ओळखता यायचं. महिनाअखेरच्या पगारपत्रकाची खरखर आजही ओळखेन.