आईवडिलांचं करायचे पैसे सरकारने का द्यायचे?

हिशेबी: काल इथेच एकाने लिहिलं, "आईबापाचं करायचेही पैसे हवेत? मग बाईच ठेवा की." डोकं फिरलं, म्हणून हा धागा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोनेक तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. हे करणाऱ्याने नोकरी टिकवायची कशी? जर्मनीत १९९५पासून काळजी-विमा आहे, म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसाला सांभाळायच्या खर्चासाठीचा विमा. घरचं माणूस करत असेल तर रोख रक्कम मिळते, अटींत बसलं तर करणाऱ्याच्या पेन्शनचे हप्तेही भरले जातात. बुडाली का तिथली नाती?

सडेतोड: ते वाक्य माझंच. पैसे सुरू झाले की पैशासाठी सांभाळणारे उगवतील. कागदावर म्हाताऱ्याचा अंगठा घ्यायचा आणि त्याला कोपऱ्यात टाकायचं. आमच्याच नात्यात पाहिलंय.

रातराणी: कोपऱ्यात टाकणारे आत्ताही फुकटात टाकतातच. 'घरचं माणूस' म्हणजे कोण ते बोला ना. सून! सासूबाईंचं सगळं मी केलं, नोकरी सोडून. दीर फोनवरून सांगायचे, "आईला जरा चालवत जा." जपानमध्ये २००० साली काळजी-विमा आला, तेव्हा रोख रकमेला महिला संघटनांचाच विरोध होता. पैसे हातात ठेवले की सून कायमची अडकते. तिथे रोख नाही, घरी मदतनीस येतो, दिवसभराचं केंद्र मिळतं. मला तेच हवं होतं.

लांबचा_दीर: दिरांना झोडपणं सोपं असतं. नर्सचे पैसे कोण पाठवतं, तेही लिहा.

रातराणी: म्हणजे पैसे पाठवले की कर्तव्य संपलं? सडेतोड, बघा, नात्याचा बाजार यांच्याकडे आधीच भरलाय.

लांबचा_दीर: वैयक्तिक होऊ नका.

रातराणी: नाव तुम्ही घेतलंय 'दीर', मी नाही ठेवलं.

हिशेबी: दिरांचा वेगळा धागा काढा! ब्रिटनमध्ये घरच्याची काळजी घेणाऱ्याला भत्ता १९७६ला आला, पण विवाहित बायकांना १९८६पर्यंत मिळतच नव्हता. घरीच असतात, करतीलच, हे गृहीत. आजही आठवड्याला ३५ तास काळजी घेतल्याशिवाय मिळत नाही, आणि कमाई मर्यादेच्या जरा वर गेली की सगळाच बंद. तेव्हा रातराणींची धास्ती खोटी नाही. पण मदतनीस रात्री तीनला येत नाही हो. त्या रात्रीचं काय?

सडेतोड: बरं बाबा, मदतनीस द्या, पगारी रजा द्या. रोख नको म्हणजे नको. आणि द्यायचीच असेल तर न येणाऱ्या भावाच्या पगारातून कापून द्या.

लांबचा_दीर: वा! आता हेच राहिलं होतं.

रातराणी: सडेतोड, एवढ्यापुरतं तुम्हाला अनुमोदन.