स्टेम सेल ट्रान्सप्लान्टनंतर भाऊ कोल्हापुरात घरी आलाय, जेवणाबद्दल सल्ला हवा

उत्तरेश्वरची_लेक:
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग (एएमएल) होता. पुण्यात स्टेम सेल ट्रान्सप्लान्ट (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं रोपण) झालं, दाता मीच. शंभर दिवसांचा टप्पा ओलांडला आणि डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची गोळी), शिवाय एक बुरशीविरोधी गोळी आणि थोडं स्टेरॉइड चालू आहे. पोरगं निम्मं झालंय. तोंडाला चव नाही, जरा तिखट लागलं की जीभ भाजते म्हणतो.

घरात रोज नवीन फर्मान निघतं. मामा म्हणतो गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पाज, आठ दिवसांत उभा राहील. आत्याने गुळवेलीचा काढा पाठवलाय. शेजारच्या काकू पपनस घेऊन आल्या. आईला पांढरा रस्सा करायचाय. डिस्चार्जच्या कागदावर "घरचे ताजे अन्न द्यावे, कच्चे टाळावे" एवढंच. यातलं काय द्यायचं, काय नाही? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

साधं_वरण:
आहारतज्ज्ञ आहे, कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम करते. तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, हे धरून वाचा.

आधी पपनस. ते परत करा. ग्रेपफ्रूट आणि पपनस एकाच कुळातले. त्यातल्या घटकांमुळे टॅक्रोलिमस शरीरात नीट मोडलं जात नाही आणि रक्तातली पातळी वाढते. मग हात थरथरणं, किडनीवर ताण असं सुरू होऊ शकतं. बुरशीविरोधी गोळीही बहुधा हेच करते. डॉक्टरांनी ती धरूनच डोस बसवलेला असतो, त्यात पपनसाची भर नको. साधं संत्रं-मोसंबी सोलून चालतं, तोंडाला झोंबत नसेल तर.

धारोष्ण दूध अजिबात नाही. कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळली तरी दूध कच्चंच. निरोगी पैलवानाला पचतं ते याला संसर्ग देऊ शकतं. पाश्चराइज्ड पिशवीतलं दूध उकळून द्या. दुधाने पोट बिघडत असेल तर काही दिवस थांबा. आतड्याचं अस्तर दुखावलेलं असताना दुधातली साखर पचत नाही, अस्तर भरलं की बहुतेकांना पुन्हा पचायला लागते. घरच्या विरजणाचं दही कधी सुरू करायचं हे केंद्राकेंद्रात वेगळं आहे, विचारून घ्या.

आता जास्त महत्त्वाचं. पूर्वी अशा रुग्णांना सगळं उकडून, बेचव करून द्यायचे. इटलीतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. पांढऱ्या पेशी अगदी कमी असतानाच्या काळातही ते कडक पथ्य आणि स्वच्छतेचे नियम पाळून दिलेला नेहमीचा आहार यांत मोठ्या संसर्गाचं प्रमाण सारखंच निघालं. म्हणून पथ्याच्या नावाखाली ताट रिकामं करू नका. या टप्प्यावर वजन उतरणं हाच मोठा धोका आहे.

किडनी ठीक असेल तर साधारण किलोमागे दीड ग्रॅम प्रथिनं धरतात. ५० किलोच्या माणसाला ७५ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६. म्हणजे दोन वेळच्या वरण-भाताने भागत नाही. पूर्ण उकडलेली अंडी, मऊ शिजवलेलं चिकन, पनीर, मुगाचं धिरडं, दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं.

गावरान_वैद्य:
काढ्याला काय हरकत आहे? गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते, आमच्या आजोबांपासून घेतोय. इंग्रजी औषधांनी आधीच शरीर पोखरलंय.

बावड्याची_सून:
दादा, प्रतिकारशक्ती वाढवणं हेच इथं नको असतं. ताईंच्या पेशी भावाच्या अंगात गेल्यात. त्या पेशींनी त्याच्या शरीराला परकं समजून हल्ला करू नये म्हणून तर टॅक्रोलिमस देतात. त्या हल्ल्यालाच जीव्हीएचडी म्हणतात. त्यात डिवचायला काढा कशाला? शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी करोनाकाळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद छापली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, ते मान्य. पण या पोराच्या यकृतावर आधीच दहा औषधांचा भार आहे, त्याच्यावर कोण कशाला प्रयोग करेल?

ताई, माझ्या नवऱ्याचं ट्रान्सप्लान्ट मुंबईत झालं, दाता त्याचा भाऊ. आम्ही जेवणापेक्षा एका वहीवर जास्त जगलो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खायच्या आधी वजन. किती वेळा आणि किती जुलाब. पुरळ कुठं, डोळे पिवळे का, तोंडात पांढरे चट्टे किंवा जाळीसारख्या रेषा का. आमच्याकडे सगळे म्हणायचे मसाल्याने पोट बिघडलं. पाणी-पाणी जुलाब थांबेनात म्हणून मी वही घेऊन डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. आतड्याचा जीव्हीएचडी निघाला. जुलाब सीएमव्ही विषाणूनेही होतात, साध्या संसर्गानेही. दिसायला सगळं सारखंच, आणि उपचार वेगवेगळे. एकाला स्टेरॉइड वाढवतात, दुसऱ्यात तेच अंगाशी येतं. म्हणून दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणून देऊ नका.

ताप १००.४ फॅरनहाइट दिसला की रात्र असो का दिवस, निघायचं. सकाळपर्यंत बघू, हे इथं चालत नाही. पुण्याचा रस्ता चार-पाच तासांचा, म्हणून कोल्हापुरातच रक्ताचे आजार बघणारे डॉक्टर आणि एक आयसीयू असलेला दवाखाना आत्ताच ठरवून फाइल दाखवून ठेवा.

आणि रक्ताच्या पिशव्या बऱ्याच चढल्या असतील. शरीरात लोह साठलेलं असतं. अशक्तपणा दिसतोय म्हणून कुणी लोहाचं टॉनिक सुचवलं तर नको.

तालमीतला_आबा:
माझं ट्रान्सप्लान्ट मायलोमासाठी (हाही रक्ताचाच एक कर्करोग), माझ्याच पेशींचं. त्यामुळे जीव्हीएचडीची भानगड मला नव्हती, तेवढा फरक धरून वाचा. चवीचं सांगतो. मेल्फालान (ट्रान्सप्लान्टआधीचं केमोचं औषध) देताना नर्सने तोंडात बर्फ चघळायला लावला, त्याने तोंड बरंच वाचलं. पण चव गेली ती गेलीच. मटण लोखंडासारखं लागायचं. तांबडा रस्सा डोळ्यांसमोर आणि मी भाताची पेज पितोय! पोरं म्हणायची आबा, आता तुम्ही कोल्हापूरचे राहिला नाही. चव आली परत, सावकाश. आधी गोड कळलं, मग आंबट. तोवर गार खाल्लं की बरं वाटायचं, वासाचा त्रास कमी. भाऊला स्वयंपाकघरापासून लांब बसवा, फोडणीच्या वासानेच पोट भरतं.

उत्तरेश्वरची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार. काढा आणि पपनस दोन्ही परत गेले, आत्या रुसलीय. वही आजपासून. दोन प्रश्न राहिले. पांढऱ्या रश्श्याचं काय? आणि ऊसाचा रस, भेळ? हा रंकाळ्यावर जायचं म्हणून मागे लागलाय.

साधं_वरण:
आईला सांगा, पांढरा रस्सा थोडा थांबू दे. नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, सगळं जड. आतडं नाजूक असताना चरबी पचत नाही. त्याऐवजी त्याच मटणाचं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं पाणी करा: आलं-लसूण, हळद, मीठ, बस्स. पण नुसतं पाणी पाजून समाधान मानू नका, त्यात प्रथिनं फार थोडी. मटण मऊ शिजवून, बारीक करून भातात कालवा. मसाला शिजताना घालायचा. वरून कच्ची मिरपूड, कोथिंबीर, लसणाची चटणी नाही. रस्सा दोन तासांच्या आत संपवा किंवा फ्रिजमध्ये टाका, आणि खाताना पुन्हा उकळा. सकाळचा रस्सा रात्री ओट्यावर पडून असतो, ती सवय मोडा.

ऊसाचा रस आणि गाड्यावरची भेळ नाही: बर्फ, पाणी, कच्चा कांदा, कुणाचे हात. स्टेरॉइडमुळे साखरही वाढते, रसाने आणखी. शहाळं निरुपद्रवी वाटतं, पण टॅक्रोलिमसने पोटॅशियम चढतं आणि शहाळ्यात ते भरपूर. शेवटचा रिपोर्ट बघून विचारा.

रंकाळ्याला सकाळी लवकर, गर्दी नसताना, मास्क लावून जाऊ दे. चालणं हवंच, स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू जातात. भेळ घरी करा, चुरमुरे भाजून, चिंचेचं पाणी उकळून, कांदा परतून.

तालमीतला_आबा:
परतलेल्या कांद्याची भेळ! बरं, चालतंय. अन् पातळी बघायचं रक्त द्यायचं असेल त्या दिवशी टॅक्रोलिमसची गोळी आधी घेऊ नका, रक्त दिल्यावर घ्यायची. सोबत डब्यात घेऊन जावा.